एकट्याने गरवताना माशाचा फोटो: तयारी मासा लागायच्या आधीची

विचारणारे डोंबिवलीचे. सुट्टी मिळाली की एकटेच रेवदंड्याच्या बाजूला खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जातात. मागच्या महिन्यात त्यांना तीनेक किलोचा जिताडा लागला. फोन खिशातून काढा, दगडाला टेकवा, टायमर लावा, फोन पडला, पुन्हा टेकवा, यात पाच-सहा मिनिटं गेली. फोटोत आलं अर्धं शेपूट आणि त्यांचा स्वतःचा गुडघा. मासा सोडला तर तो कुशीवर पडून वाहत गेला. आता ते विचारतात, ट्रायपॉड घेऊ, रिमोट घेऊ, की सरळ ॲक्शन कॅमेराच घेऊ?

सामानाचं नंतर बघू. तुमचा घोळ क्रमात झाला. फोटोची सगळी मांडामांड मासा लागायच्या आधी झालेली असली पाहिजे, आणि मांडामांड चालू असेल तोवर मासा पाण्यातच राहिला पाहिजे. एवढं जमलं तर वीस रुपयांच्या स्टँडवरही फोटो येतो. नाही जमलं तर चाळीस हजारांच्या कॅमेऱ्यातही गुडघाच येणार.

मीही तुमच्यासारखाच शिकलो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पहिला मोठा जिताडा लागला तेव्हा तो वाळूवर ओढून घेतला आणि फोन काढला. बोटांना माशाची बुळबुळ लागलेली, फोनला अंगठा कळेना. पँटला पुसतोय, पुन्हा लावतोय. तोवर माशाच्या एका बाजूला वाळूचा थर बसला, डोळ्यातसुद्धा वाळू. फोटो निघाला तो वाळूत तळायला घोळवल्यासारखा. मग मोठ्या मनाने सोडला, तर दहा मिनिटांनी भरतीच्या फेसाबरोबर तोच परत काठाला आला. घरी नेला, कालवण उत्तम झालं. पण खायचा नव्हता म्हणून तर सोडला होता.

आधी हे समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप पटेल. झुंज देऊन मासा काठाला येतो तेव्हा त्याचा दम गेलेला असतो, नेमका त्याच वेळी त्याला सगळ्यात जास्त प्राणवायू हवा असतो. ओला ब्रश पाण्यात धरला तर केस फुलतात आणि बाहेर काढला की एकमेकांना चिकटतात, तसं कल्ल्यांचं होतं. धावून दमलेल्या माणसाचं नाक दाबावं तसा हा प्रकार. कॅनडात फर्ग्युसन आणि टफ्ट्स या दोघांनी १९९२ साली रेनबो ट्राउटवर याचा प्रयोग छापला. मासे पाण्यातच पळवून पळवून दमवले. ज्यांना हवेत काढलंच नाही त्यांतले १२ टक्के दगावले, ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांतले ३८ टक्के आणि एक मिनिट ठेवलेल्यांतले ७२ टक्के. ट्राउट थंड पाण्यातला नाजूक मासा, जिताडा त्यापेक्षा कणखर, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्या खाडीला लावू नका. पण आपलं पाणी गरम, हेही विसरू नका. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात, आणि खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात दुपारी पकडलेला मासा परत पाण्यात गेला तरी त्याला दम खायला हवा तेवढा प्राणवायू तिथे नसतो. मी एका वेळी पाच सेकंद धरतो, फार तर दहा. मासा वर उचलला की स्वतःचाही श्वास रोखतो. पन्नाशीनंतर तोच उत्तम टायमर ठरतो.

आता माझी पद्धत. जागेवर पोचलो की पहिली दहा मिनिटं दोरी पाण्यात पडत नाही. आधी मासा कुठे काठाला घेणार ते ठरवतो. गुडघाभर पाणी, तळाला मऊ चिखल किंवा वाळू, कालवं (धारदार शिंपले) नसलेली जागा. (कालवांवर एकदा गुडघा टेकवून बघा, पुन्हा सांगावं लागणार नाही.) त्या जागेपासून दीड-दोन मीटरवर स्टँड उभा करतो. उंची माझ्या कमरेपेक्षा कमी, कारण मासा धरून मी उभा राहणार नाही, गुडघ्यावर बसणार आहे. मासा निसटला तर तो पाण्यात वीतभर उंचीवरून पडावा, दगडावर चार फुटांवरून नाही. बहुतेकांच्या फोटोंत डोकं कापलं जातं किंवा मासा चौकटीबाहेर जातो, कारण चौकट त्यांनी उभं राहून बघितलेली असते आणि फोटोला बसतात.

मग पाण्याची एक लिटरची बाटली घ्यायची. तीच मासा. बसायचं, बाटली दोन्ही हातांत आडवी धरायची आणि फोटो काढायचा. बाटली चौकटीच्या मधोमध आली, दोन्ही बाजूंना हातभर जागा उरली की बसल्या जागी दोन दगड किंवा दोन काटक्या लावून खूण करायची. मासा लागल्यावर डोकं चालत नाही, खूण चालते. बाटलीवरच बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कुलूपबंद करायचा. बहुतेक फोनांत ते होतं. नाहीतर फोन मागच्या तिवरांवर (खारफुटीच्या झाडांवर) फोकस करतो आणि मासा धूसर येतो.

भिंग पुसा. हसू नका. मला जे धुरकट फोटो दाखवून लोक विचारतात की फोन बदलू का, त्यातल्या निम्म्याहून जास्त फोनांच्या भिंगावर बुळबुळ, खारं पाणी नाहीतर कोलंबी सोललेलं बोट असतं. गळ्यात चष्म्याचं फडकं ठेवा.

बटण कसं दाबायचं, हा खरा प्रश्न. टायमरवर माझा विश्वास नाही. तीन सेकंद कमी पडतात, दहा सेकंदांत मासा तीनदा उसळी मारतो, आणि नेमका फोटो निघतो तेव्हा आपण त्याला सावरत असतो. आवाजाने फोटो काढायची सोय काही फोनांत असते, 'चीज' किंवा 'स्माइल' म्हटलं की निघतो. एकदा वाऱ्यात फोनला ऐकू जाईना म्हणून मी जोरजोरात 'चीज, चीज' ओरडत होतो, तेव्हा चिंबोऱ्या धरायला आलेले दोघे बांधावर थांबून माझ्याकडे बघत राहिले. तो मार्ग तिथेच सोडला.

ब्लूटूथ रिमोट चांगला. शे-दोनशे रुपयांत मिळतो, बटण खरोखरचं असल्यामुळे ओल्या बोटालाही दबतं. पण तो धरायचा कुठे? दोन्ही हातांत मासा असतो. मी तो छोट्या झिप पिशवीत घालून लिप ग्रिपच्या, म्हणजे माशाचा जबडा धरायच्या चिमट्याच्या, दांड्याला रबराने बांधतो, म्हणजे ज्या हाताने जबडा धरलाय त्याच हाताचा अंगठा बटणावर जातो. पिशवी हवीच, खाऱ्या हवेत उघडा रिमोट एक पावसाळा काढत नाही.

तरी तुम्हाला एकच उपाय सांगायचा झाला तर मी व्हिडिओ सांगेन. मासा लागला, रॉड वाकला, आता तो सुटत नाही अशी खात्री झाली की काठाकडे सरकताना फोनवर रेकॉर्डिंग चालू करायचं आणि विसरून जायचं. पुढे सगळं नेहमीच्या गतीने करायचं, घाई नाही, बटण नाही. घरी जाऊन व्हिडिओतली एक चौकट निवडायची. फोर-के व्हिडिओची एक चौकट ३८४० बाय २१६० ठिपक्यांची, म्हणजे आठ मेगापिक्सेलच्या वर. फोनवर दाखवायला आणि वहीच्या पानाएवढं छापायलाही पुरते. १०८० वर ठेवलंत तर चौकट दोनच मेगापिक्सेलची निघेल, म्हणून सेटिंग आधी तपासा. सेकंदाला ६० चौकटींवर ठेवलं तर आणखी बरं, कारण मग प्रत्येक चौकट सेकंदाच्या साठाव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडी राहूच शकत नाही आणि शेपटीचा फटका कमी फिसकटतो. पहाटेच्या अंधुक उजेडात मात्र ६० ला दाणे येतात, तेव्हा ३० वर यायचं आणि माशाला शांत होऊ द्यायचं. फोर-के फोनची जागा खातो, मिनिटाला काहीशे एमबी, म्हणून आदल्या रात्री जुने व्हिडिओ काढून टाका. रेकॉर्डिंगची आणखी एक गंमत अशी, की मासा शेवटच्या क्षणी सुटला तरी तो सुटतानाचा व्हिडिओ राहतो. माझ्याकडे पकडलेल्यांपेक्षा सुटलेल्यांचे व्हिडिओ जास्त चांगले आहेत.

ॲक्शन कॅमेरा छातीच्या पट्ट्यावर लावला तर ठरावीक सेकंदांनी फोटो घेत राहतो आणि पाण्याखालीही धरता येतो. असेल तर वापरा, पण याच कामासाठी नवीन घेऊ नका. त्याचं भिंग इतकं रुंद असतं की स्टँडवर लावून फोटो काढला तर हातभर पुढे धरलेला मासा कलिंगडासारखा दिसतो आणि मागचा माणूस काडीसारखा.

मासा काठाला आला. आता घाई वाटेल ती दाबायची. दांड्याच्या जाळ्यात घ्यायचा, गाठी नसलेलं रबरी जाळं असेल तर उत्तम, सुती गाठींच्या जाळ्याने अंगावरची बुळबुळ खरवडली जाते आणि तीच त्याची रोगांपासूनची ढाल. जाळ्याची कडी एका गुडघ्याखाली दाबायची, मासा पाण्यातच. तिथेच पकडीने गळ काढायचा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून सपाट केलेला असेल तर हे दोन सेकंदांचं काम आहे. एकटे असाल तर तो सपाट असावाच, कारण तिरपा काटा स्वतःच्या बोटात रुतला तर दुसरा हात मदतीला माशातून मोकळा नसतो. गळ निघाला, रॉड बाजूला ठेवला, हात ओले केले, फोनकडे एक नजर टाकली. अजून मासा पाण्यात. आता उचलायचं, पाच सेकंद, परत पाण्यात. चौकट चुकली असं वाटलं तर त्याला अर्धा मिनिट श्वास घेऊ द्या आणि आणखी एकदा उचला. तिसऱ्यांदा नाही.

जिताडा धरायची रीत वेगळी. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, बोटं तिकडे गेली की कापलीच. खालचा जबडा एका हातात, दुसरा हात पोटाखाली, गुदाच्या पराच्या जवळ, म्हणजे वजन दोन्हीकडे वाटलं जातं. नुसत्या जबड्यावर उभा लटकवून फोटो काढायची फॅशन आहे. किलोभराच्या माशाचं ठीक, पण पाच-सहा किलोच्या माशाचा सगळा भार त्या एका सांध्यावर येतो. आणि एक लक्षात ठेवा, जिताडा जन्मभर एकाच लिंगाचा राहत नाही. आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. तुमच्या हातातला सगळ्यात मोठा, फोटोला सगळ्यात देखणा जिताडा बहुधा अंडी घालणारी मादीच.

शिंगाळा लागला तर त्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या परांतले काटे विषारी. त्याला फोटोसाठी उचलूच नका, पाण्यातच वरून फोटो काढा. टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश, हात बुडवून ठेवायचा, ते विष उष्णतेने मोडतं. थर्मासमधला चहाही अशा वेळी उपयोगी पडतो, मला पडलाय. पण एकट्याने असताना हा प्रयोग करायची वेळ येऊ नये हे बरं. पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) असेल तर फोटोबिटो विसरा, दोरी कापा.

गोड्या पाण्यात मरळ धरणाऱ्यांना थोडी सवलत आहे. मरळ हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे तो फोटोला जरा जास्त वेळ टिकतो. पण त्याच्यासारखा निसरडा दुसरा नाही, आणि पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका वळवळताना दिसला तर त्याच्या खालीच त्यांचे आई-बाप राखण करत असतात. तिथे गळ टाकू नका, पिल्लांचा फोटो काढा आणि पुढे चला.

उजेड. सूर्य तुमच्या तोंडावर हवा, फोनच्या पाठीमागे. सकाळी आठच्या आत किंवा साडेचारनंतर. चंदेरी मासा दुपारी उन्हात आरशासारखा चमकतो आणि फोटोत पांढरा डाग येतो. पडद्यावर माशाला बोट लावून उजेड थोडा खाली ओढा, खवले दिसू लागतील. मासा किंचित आभाळाकडे कलता धरला तर चमक जाते की वाढते हे बाटलीवर कळणार नाही, पहिल्या माशावर कळेल. पाण्यातल्या माशाचा वरून फोटो घ्यायचा तर पोलराइज्ड चष्म्याची काच फोनच्या भिंगापुढे धरा आणि फिरवत राहा, एका ठिकाणी पाण्यावरची झळाळी नाहीशी होते आणि मासा खाली स्पष्ट दिसतो. हा फोटो एकट्याने काढायला सगळ्यात सोपा. मासा जाळ्यात, एका हातात फोन, दुसऱ्या हातात काच, मासा बाहेर काढायचाच नाही. मला विचाराल तर दात विचकून पुढे धरलेल्या माशापेक्षा हाच जास्त देखणा असतो, पण कुटुंबाला आणि मित्रांना तुमचं तोंड दिसायला हवं असतं, तेही खरं.

हात ताठ पुढे करून मासा मोठा दाखवायची हौस सगळ्यांना असते. पाहणारे बोटं बघतात. केळ्यांएवढी बोटं दिसली की समजतात. फोन थोडा लांब ठेवून दुप्पट झूमवर काढा, माणूस आणि मासा दोघांची मापं खरी येतात. मी रॉडच्या बुडापासून ५० सेंटिमीटरवर लाल टेपचा पट्टा मारलाय, रॉड जाळ्याशेजारी पाण्यावर धरला की माप फोटोतच येतं, मासा मोजपट्टीवर निजवावा लागत नाही.

आता फोटोपेक्षा महत्त्वाचं. तुम्ही एकटे आहात. फोटोच्या नादात माणसाची पाठ समुद्राकडे होते, आणि कातळावर तेच घातक. स्टँड नेहमी जमिनीच्या बाजूला असेल असं म्हणाल तर तुमचं तोंड तिकडे आणि पाठ पाण्याकडे. म्हणून कातळावर मी स्टँड लावतच नाही, तिथे फक्त जाळ्यातल्या माशाचा वरून फोटो. शेवाळलेल्या काळ्या दगडावर मासा हातात घेऊन मागे सरकणं म्हणजे पडणं. भरतीचा हिशोब निघण्यापूर्वीच करा. आपल्या पट्ट्यात जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती पूर्ण आणि नऊच्या सुमाराला सुकती, म्हणजे ओहोटी. अंदाजाला पुरतं, तंतोतंत वेळ हवी तर भरतीचा तक्ता बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी किती चटकन चढतं ते तुम्ही पाहिलंच असेल. स्टँड मांडलेली जागा भरतीत किती वेळ कोरडी राहणार, एवढा प्रश्न मांडतानाच विचारा. माझा एक स्टँड असाच खाडीने नेला. मी मासा खेळवत होतो, मागे वळलो तर फक्त त्याचा वरचा चिमटा दिसत होता.

आणि स्टँडवर लावलेला तो फोनच तुमचा मदतीला हाक मारायचाही फोन असतो. त्याला दोरी बांधा. पाण्यापासून बचाव करणारा म्हणून विकलेला फोनसुद्धा गोड्या पाण्याच्या चाचणीवर तसा ठरवलेला असतो, खाऱ्या पाण्यात पडला तर गोड्या पाण्याने धुवा आणि चार्जिंगचं तोंड पूर्ण वाळेपर्यंत वायर लावू नका. जुना, सिमकार्ड नसलेला फोन घरात पडला असेल तर फोटोसाठी तो न्या, चालू फोन झिप पिशवीत छातीच्या खिशात. माझ्या मते तुमच्या तिन्ही प्रश्नांपेक्षा हाच पैशाचा खरा उपाय. कुठे आहात आणि किती वाजेपर्यंत परत येणार, हे घरी सांगून निघा.

खायला नेणार असाल तर सगळंच सोपं. मासा लगेच मारा, रक्त काढा, खाडीच्या पाण्यात खळखळून धुवा आणि रंग आहे तोवर फोटो घ्या. तांबोशीचा तांबूस रंग बर्फात दोन तास गेला की उतरतो. घरी ओट्यावर ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो मला तरी कधी आवडला नाही.

सोडायचा असेल तर शेवटचा फोटो सोडतानाचा. तोंड प्रवाहाकडे करून एक हात पोटाखाली, दुसरा शेपटीच्या मुळाशी, तो स्वतः शेपूट मारून निघेपर्यंत धरून ठेवा. पुढे-मागे हलवू नका, मागे ओढलं की पाणी कल्ल्यांत उलटं शिरतं. व्हिडिओ चालूच असेल, तो फटका आपोआप टिपला जाईल.

फोटो कुणाला पाठवायच्या आधी दोन गोष्टी बघा. फोनच्या कॅमेऱ्याचं लोकेशन बंद आहे का, आणि मागे पूल, देवळाचा कळस किंवा मोबाइलचा मनोरा दिसतोय का. मी एकदा लाडक्या जागेचा फोटो पाठवला, त्यात मागे जेट्टीचा खांब होता. पुढच्या रविवारी त्या कोपऱ्यात सतरा रॉड लागले होते, मी मोजले. तेव्हापासून माझा स्टँड पाण्याकडून तिवरांच्या दिशेने वळवलेला असतो. तिवरं सगळीकडे सारखीच दिसतात.